गोड्या पाण्यातील मासेमारी : गळ, जाळे, होडी आणि आपली जबाबदारी



मागच्या जून महिन्यात पहिला मोठा पाऊस पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात मासळीचा वास येत होता. चौकशी करता कळले, की आदल्या रात्री चार मुले वडीलधाऱ्यांबरोबर बत्ती घेऊन व्हाळावर गेली होती. टोपलीभर चढणीचे मासे मिळाले होते. मुले खुशीत होती. मात्र त्यांच्यापैकी एकाच्या आईने शाळेत येऊन सांगितले, "मास्तर, जो मासा कापला त्याच्या पोटात गाबोळी. टोपलीत एक रिकामा मासा मिळाला नाही. मला खाववेना."

त्या आईचे बोलणे आमच्या मनात राहिले. त्यावरून शाळेच्या विज्ञान मंडळाने ठरवले, की या वर्षी गोड्या पाण्यातील मासेमारीचा अभ्यास करायचा. गळ कसा काम करतो, जाळ्याचे किती प्रकार, होडीची मोटर कशी चालते, कोणते मासे मिळतात आणि कोणत्या दिवसांत ते धरू नयेत, हे सगळे पाहायचे. त्यासाठी आम्ही मयेच्या तळ्यावर गेलो, पेडण्यातील खाजनाच्या मानशीवर गेलो आणि शापोरा नदीकाठी एका होडीवाल्याशी बोललो. त्या अभ्यासाचा सारांश येथे देत आहोत. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही तो वाचावा, कारण शेवटी काही गोष्टी त्यांच्याकडेही मागितल्या आहेत.

आपले पाणी कोठून येते?

गोव्याचे नाव काढले की लोकांना समुद्र आठवतो. पण पेडणे आणि डिचोली हे तालुके नद्यांचे, व्हाळांचे आणि तळ्यांचेही आहेत. उत्तरेला तेरेखोल नदी. ती सह्याद्रीत उगम पावून सावंतवाडी-बांदा भागातून खाली येते आणि केरी व तेरेखोल यांच्यामध्ये समुद्राला मिळते. दुसरी शापोरा नदी. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात तिला तिलारी म्हणतात. तिलारी धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प आहे आणि त्याचे पाणी कालव्यांनी पेडणे, डिचोली व बार्देश तालुक्यांपर्यंत येते. तीच नदी पुढे कोलवाळवरून, शिवोली-चोपडे पुलाखालून जाऊन मोरजीजवळ समुद्राला मिळते. डिचोलीकडे वाळवंटी नदी साखळीवरून येऊन मांडवीला मिळते. त्याच तालुक्यात मयेचे तळे आहे आणि आमठाणेचे धरणही आहे. आमठाणेचे पाणी अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला पुरवले जाते.

हे पाणी सगळे एकसारखे नाही. वरच्या व्हाळाचे पाणी पूर्ण गोडे असते. खाली नदीत भरतीबरोबर खारे पाणी शिरते. पावसाळ्यात वरून पूर आला की नदीचे पाणी पार मुखापर्यंत गोडसर होते आणि उन्हाळ्यात खारेपणा पुन्हा आत सरकतो. म्हणून एकाच नदीत तीन तऱ्हेचे मासे सापडतात. काही जन्मभर गोड्या पाण्यात राहणारे, काही खाऱ्या-गोड्याच्या सीमेवर राहणारे, तर काही दोन्हीकडे प्रवास करणारे.

कोणते मासे मिळतात?

व्हाळात आणि शेताच्या पाण्यात मळये, शेंगट्या, थिगूर आणि मरळ हे मासे मिळतात. थिगूर आणि मरळ यांची एक गंमत आहे. कल्ल्यांशिवाय त्यांना हवेतला प्राणवायू घेण्याची खास सोय असते. म्हणूनच चिखलात, अगदी थोड्या पाण्यातही ते जगतात आणि टोपलीत बराच वेळ जिवंत राहतात. मरळ तर आपल्या पिल्लांची राखण करते. पाण्यावर पिल्लांचा तांबूस थवा दिसला की त्याखाली आई-बाप असतात, हे जुन्या माणसांना ठाऊक असते. अशा वेळी मोठा मासा धरला तर पिल्लांना वाली राहत नाही.

खाजनात आणि नदीच्या खालच्या भागात काळुंदर, चणक आणि शेवटो मिळतात. शेवटो हा तर आपल्या गोव्याचा राज्यमासा. गोड्या पाण्यातील वाम हा मासा मोठा प्रवासी आहे. तो वाढतो नदीत, पण अंडी घालण्यासाठी समुद्रात खोलवर जातो आणि त्याची पिल्ले परत नदी चढून येतात. चढणीचे मासे करतात त्याच्या नेमका उलट हा प्रवास आहे. नदीला मध्येच बांध आला तर दोघांचीही वाट अडते.

तळ्यांत आणि धरणांत रोहू, कटला आणि मृगळ या माशांचे बीज सोडण्याची पद्धत देशभर आहे. हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात सहसा घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांची पिल्ले नदीतून गोळा करावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशामध्ये डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना अंडी घालायला लावले. भारतातील मत्स्यशेतीचा पाया त्या दिवशी घातला गेला. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन मानला जातो.

काही मासे मात्र परदेशी आहेत. तिलापिया हा मासा मूळ आफ्रिकेचा. तो १९५२ साली भारतात आणला गेला. तो कोठेही वाढतो, वर्षातून अनेकदा पिल्ले देतो आणि स्थानिक माशांची जागा घेतो. शोभेच्या टाकीतले मासे कंटाळा आला म्हणून व्हाळात किंवा तळ्यात सोडणे, हा त्यामुळेच दयाळूपणा नसून मोठी चूक आहे. हे मुलांनी लक्षात ठेवावे.

गळ : लहान वस्तू, पुष्कळ विज्ञान

गळाचे पाच भाग आम्ही वर्गात टेबलावर मांडले. काठी, दोरा, बुडी, शिसे आणि काटा. सहावा भाग म्हणजे आमिष. गांडूळ, कणकेची गोळी किंवा लहान कोळंबी.

बुडी तरंगते आणि शिसे बुडते. दोघांचा तोल साधला तरच गळ नीट काम करतो. आर्किमिडीजचा नियम येथे प्रत्यक्ष दिसतो. १० घनसेंटिमीटर आकारमानाची बुडी पूर्ण बुडाली तर ती १० ग्रॅम पाणी बाजूला सारते. बुडीचे स्वतःचे वजन २ ग्रॅम असेल, तर ती आणखी ८ ग्रॅमचा भार पेलू शकते. भार ७ ग्रॅमच्या आसपास ठेवला की बुडीचे फक्त टोक वर राहते. मग माशाने आमिषाला नुसता स्पर्श केला तरी ती हलते. भार फार कमी असेल, तर मासा ओढतो पण बुडी फारशी हलत नाही. मग मासा आमिष खाऊन जातो आणि आपण बसून राहतो!

शिसे पाण्याच्या ११ पटींहून अधिक जड असते, म्हणून लहानसा तुकडाही पुरतो. पण शिसे विषारी आहे. इंग्लंडमध्ये हंस पक्षी तळातले शिशाचे मणी गिळून मरू लागले, म्हणून तेथे १९८७ साली गळाच्या बहुतेक शिशांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याकडे मुले शिशाचा तुकडा दातांनी दाबून दोऱ्यावर बसवतात. तसे कधीही करू नये. लहान लोखंडी नट किंवा भोक असलेला दगड बांधला तरी काम होते.

काट्याच्या टोकाला उलटा दात असतो. त्यामुळे मासा सुटत नाही. पण तोच काटा आपल्या बोटात गेला, तर ओढून काढता येत नाही. असे झाल्यास जोर न लावता डॉक्टरकडे जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी विचारावे. शिकणाऱ्या मुलांनी पकडीने तो दात दाबून टाकावा. एखादा मासा सुटेल, पण लहान मासा इजा न होता परत सोडता येईल.

दोरा पूर्वी सुताचा असे. जाळीही सुताची असत आणि ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवत. १९३८ साली नायलॉन जगापुढे आले आणि सगळे बदलले. नायलॉनचा दोरा पाण्यात दिसत नाही, कुजत नाही आणि मजबूत असतो. यातला "कुजत नाही" हा गुण तोट्याचाही आहे. व्हाळात अडकून तुटलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे तसेच राहते. त्यात मासे, कासवे, पाणसाप अडकून मरत राहतात. सुताचे जाळे हरवले तर कुजून नाहीसे होई. नायलॉनचे जाळे मालकाशिवायही मासेमारी करत राहते.

जाळी, टोपल्या आणि मानस

पागेर म्हणजे फेकण्याचे गोल जाळे. कडेला वजने असतात. खांद्यावरून फिरवून फेकले की ते छत्रीसारखे उघडते आणि पाण्यावर गोल पडते. आमच्यातील एका शिक्षकांनी फेकून पाहिले, ते पोळीसारखे न पडता मोदकासारखे पडले! हे कसब वर्षांच्या सरावाने येते.

व्हाळात बांबूच्या कामट्यांचे सापळे लावतात. तोंड रुंद, आत जाणाऱ्या कामट्या निमुळत्या. मासा आत जातो, पण टोकदार कामट्यांमुळे मागे फिरू शकत नाही. यात एक शहाणपण आहे. कामट्यांमधली फट मोठी ठेवली की लहान मासे आपोआप निसटतात.

जाळ्याच्या छिद्राला आस म्हणतात. आस केवढा, यावर कोणता मासा अडकेल हे ठरते. मोठ्या आसाचे जाळे वाढलेला मासा धरते आणि लहानाला जाऊ देते. मच्छरदाणीसारखे बारीक जाळे लावले, तर बोटाएवढी पिल्लेही येतात. त्यांचे कालवण होत नाही, ती उकिरड्यावर जातात. पुढच्या वर्षीची टोपली आपण त्या उकिरड्यावर टाकतो.

पेडण्याच्या खाजनात मानस पाहायला मिळाली. खाजन म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. येथे कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिकते. बांधातल्या दाराला मानस म्हणतात. तिच्या लाकडी झडपा भरतीच्या रेट्याने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. वीज नाही, मोटर नाही, तरी ती रोज काम करते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे लावून मासे धरतात. हा मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होणे अपेक्षित असते. मासा, शेत आणि बांध या तिघांचा हिशेब आपल्या पूर्वजांनी एकत्र मांडला होता. बांधाकडे दुर्लक्ष करून फक्त मासळीचा लोभ धरला आणि खारे पाणी जास्त आत घेतले, तर शेत नासते. हा धडा आजही जुना झालेला नाही.

होडी आणि तिची मोटर

वल्हे पाणी मागे ढकलते, म्हणून होडी पुढे जाते. हा न्यूटनचा तिसरा नियम. मोटरही तेच करते. तिचा पंखा फिरून पाणी मागे ढकलतो.

होडीच्या मागे टांगायची मोटर लोकप्रिय कशी झाली, याची गोष्ट तळ्यावरचीच आहे. ओल इव्हिनरूड हे नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले कारागीर. असे सांगतात, की एका उन्हाळ्यात ते तळ्यापलीकडून आइसक्रीम आणायला वल्हे मारत गेले आणि परत येईपर्यंत ते वितळून गेले. तेव्हा त्यांना वाटले, होडीला मोटर हवी. १९०९ साली त्यांनी आपली मोटर विक्रीस आणली. त्यांच्या आधीही काहींनी असे प्रयत्न केले होते, पण इव्हिनरूडांची मोटर घराघरांत पोहोचली. त्यांच्या नावाच्या मोटरींचे उत्पादन २०२० साली बंद झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ एका माणसाचे नाव होड्यांच्या मागे फिरत राहिले.

शापोऱ्याकाठच्या होडीवाल्या काकांनी आम्हांला मोटर उघडून दाखवली. त्यांच्या बोलण्यातून आणि पुस्तकांतून जे समजले ते असे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ८ अश्वशक्तीची मोटर म्हणजे ५,९६८ वॅट, म्हणजे ६० वॅटचे जवळजवळ १०० दिवे. जुन्या पद्धतीच्या दोन स्ट्रोकच्या मोटरीत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. प्रमाण बहुधा ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर. तेल कमी पडले तर दट्ट्या घासून मोटर बंद पडते. जास्त झाले तर धूर होतो आणि प्लगवर काजळी धरते.

या जुन्या मोटरींत एक मोठा दोष आहे. जळण आत येताना आणि धूर बाहेर जाताना दोन्ही वाटा काही क्षण एकाच वेळी उघड्या असतात. त्यामुळे सुमारे पाव भाग जळण न जळताच बाहेर पडते आणि पाण्यात मिसळते. म्हणजे चार लिटर पेट्रोल भरले, तर एक लिटर तळ्याला प्यायला दिले! चार स्ट्रोकच्या मोटरीत तेल वेगळे असते आणि ही गळती फार कमी होते. ती जड आणि महाग असते, पण जळण वाचवते. वाहत्या नदीत तेलाचा तवंग पुढे निघून जातो. तळ्यात तो तसाच राहतो. ज्या तळ्याचे पाणी आपल्या नळाला येते, तेथे वल्ह्याची किंवा पायाने चालवायची होडीच बरी.

काकांनी तीन गोष्टी बजावून सांगितल्या. मोटर चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार येते की नाही ते आधी पाहावे. ती येत नसेल तर थंड करणारे पाणी आत जात नाही, शेवाळ किंवा प्लॅस्टिक अडकले आहे. मग मोटर लगेच बंद करावी. दुसरे, पंख्यात जाळे अडकले तर मोटर पूर्ण बंद केल्याशिवाय हात घालू नये. तिसरे, उभ्याने होडीत फिरू नये.

पाणी आणि जीव

ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तिच्याकडे आता येतो.

मागे एका सहलीत, एका तळ्यावर, मुलांना होडीत बसवण्याची वेळ आली तेव्हा जाकिटे मुलांच्या संख्येहून कमी निघाली. "पाणी खोल नाही, अर्धी मुले तशीच बसू द्या," असे आम्हांला सांगण्यात आले. आम्ही मुलांना खाली उतरवले. मुले हिरमुसली, काही पालकांनीही नंतर नाराजी दाखवली. त्यांना आमचे उत्तर असे. पाण्यात बुडालेल्या माणसाचे वजन अवघे चार-पाच किलो भरते, कारण उरलेला भार पाणी पेलते. तेवढाच भार जाकीट उचलून धरते आणि नाक-तोंड पाण्याबाहेर राहते. जीव आणि मरण यांच्यात अंतर आहे ते या चार-पाच किलोंचे. ते सहलीच्या मजेसाठी सोडून द्यायचे काय?

डिचोली तालुक्यातील मुलांना आणखी एक सूचना. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, त्या काळात अनेक खंदकांत पाणी साठले. आता काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. खंदकातील पाणी तळ्यासारखे निळे-हिरवे आणि शांत दिसते. पण तळ्याला काठ असतो, उतरत जाणारा. खंदकाला काठ नसतो, कडा असते. पाय घसरला की एकदम खोल पाणी, आणि वर यायला धरायला काही नाही. तेथे गळ टाकायला, पोहायला किंवा नुसते बघायलाही जाऊ नये. आमठाणेसारख्या धरणात मगरींचा वावर आहे, हेही विसरू नये. फोंडा तालुक्यातील काही गावांत चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, त्याला मानगे थापणी म्हणतात. पाण्यातल्या बलवान शेजाऱ्याला मान द्यावा आणि अंतर राखावे, हा त्यातला अर्थ.

चढणीचा मासा : खावा की सोडावा?

पहिल्या पावसात पाणी गार होते, गढूळ होते आणि शेतातून वाहत खाली येते. हा बदल माशांना कळतो. ते प्रवाहाविरुद्ध चढत पाणभरल्या शेतांकडे जातात, कारण तेथे अंडी सुरक्षित राहतात आणि पिल्लांना बारीक खाद्य मिळते. चतुर्थीनंतर पाऊस ओसरू लागला की मोठे मासे आणि पिल्ले खाली परततात. म्हणजे चढणीचा मासा हा बहुतेक वेळा पोटात अंडी घेऊन निघालेला मासा असतो. त्या आईला टोपलीत जे दिसले, ते हेच.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ती सर्वांना माहीत आहे, तिची बातमी येते. समुद्राच्या माशाला आपण विश्रांती देतो आणि त्याच दिवसांत बत्ती घेऊन व्हाळावर जातो. व्हाळाच्या माशाची विश्रांती कोणती?

याविषयी आमच्यातच दोन मते पडली. काहींचे म्हणणे, चढणीला जाणे हा आपल्या गावाचा सण आहे. आजोबांनी केले, वडिलांनी केले, मग मुलांना का अडवायचे? हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. व्हाळाची ओळख, पावसाचा अंदाज, माशांची नावे हे सगळे मुले तेथेच शिकतात. ते पुस्तकात मिळत नाही. पण आजोबांच्या वेळी व्हाळात बारीक नायलॉनचे जाळे नव्हते, प्रखर विजेच्या बत्त्या नव्हत्या आणि शेते पडीक नव्हती. आजोबा चार मासे आणीत, शंभर वर जात. आता उलटे होण्याची भीती आहे.

आम्ही होडीवाल्या काकांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मास्तर, गाभणी म्हस कोण इकता? पयल्या पावसात चार मासे हाडूक जाय म्हणून मी पण गेलंय. पण वाट सगळी बंद करू नये. अर्धो व्हाळ माशाक सोडूचो."

आम्हांला हे उत्तर पटले. अर्धा व्हाळ माशाला सोडायचा. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात वाळण कोंड नावाचा डोह आहे. तेथे देवीच्या श्रद्धेने मासे धरत नाहीत आणि तेथील मोठे मासे पाहायला दुरून लोक येतात. आपल्यालाही एखादा कोंड असा राखता येईल.

विष, चुना, ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंगाची दारू वापरून मासे मारण्याविषयी मात्र दोन मते असूच शकत नाहीत. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच स्फोटक आणि विष यांनी मासे मारणे गुन्हा ठरवला आहे. विजेची तार पाण्यात सोडणारा तर माशाबरोबर माणूसही मारतो. असे कोणी करताना दिसल्यास मुलांनी जवळ न जाता घरी आणि पंचायतीला सांगावे.

आमचे ठराव आणि मागण्या

१. मुलांनी : जून-जुलैत गाबोळीचा मासा हाती आला तर तो पाण्यात सोडावा. मोठ्या माणसाशिवाय पाण्यावर जाऊ नये.

२. पालकांनी : व्हाळाची वाट पूर्ण अडवणारे आणि बारीक आसाचे जाळे लावू नये. तुटलेले जाळे घरी आणून टाकावे, पाण्यात सोडू नये. मुलांना चढणीला न्यावे, पण सोबत मर्यादाही शिकवावी.

३. विश्वस्त मंडळाने : शाळेसाठी मुलांच्या मापाची जाकिटे घ्यावीत. यापुढे एकही मूल जाकिटाशिवाय होडीत बसणार नाही, असा नियम करावा. तो नियम शिक्षकांनाही लागू असावा.

४. सर्वांनी मिळून : शाळेजवळच्या व्हाळातील एक कोंड या पावसाळ्यापासून राखावा. त्यावर फलक मुलांनीच रंगवावा.

स्वाध्याय

१. १० लिटर पेट्रोलमध्ये ५०:१ या प्रमाणात किती तेल मिसळावे?

२. बुडीचे आकारमान १५ घनसेंटिमीटर आणि वजन ३ ग्रॅम आहे. ती बुडू नये म्हणून भार किती ग्रॅमहून कमी हवा?

३. मानशीची झडप विजेशिवाय कशी उघडते आणि मिटते? आकृती काढा.

४. तुमच्या घरातील सर्वांत वडील माणसाला विचारा : त्यांच्या लहानपणी व्हाळात कोणते मासे मिळत? त्यांतले आज कोणते दिसत नाहीत? नावे त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

चौथ्या प्रश्नाला गुण नाहीत, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आलेली नावे आम्ही एका वहीत जमवणार आहोत. मासा व्हाळातून गेला तर त्याचे नावही काही वर्षांनी तोंडातून जाते. निदान नावे तरी आपण लिहून ठेवू, आणि जमले तर मासेही राखू.